चढाई कुठे थांबणार, ते आधी ठरवा

म्हापशाहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. हार्ट्स ऑफ आयर्न ४ या दुसऱ्या महायुद्धावरच्या संगणकी खेळात तुम्ही जर्मनी घेऊन खेळता. जून १९४१ मध्ये सोव्हिएत सीमेवर सात सेना उभ्या केल्या, प्रत्येकीत २४ डिव्हिजन. बाल्टिकपासून काळ्या समुद्रापर्यंत एकच आघाडी आखून चढाईचा बाण नकाशावर थेट मॉस्कोच्या पलीकडे ओढला, प्लॅनिंगचा बोनस (आखणी करून थांबलेल्या सैन्याला मिळणारं जादा बळ) पूर्ण भरू दिला आणि चढाई सुरू केली. पहिला महिना झपाट्याने गेला. ऑगस्टमध्ये वेग मंदावला, डिव्हिजनवर लाल चिन्हं दिसू लागली, ऑक्टोबरच्या चिखलात सगळं ठप्प झालं आणि जानेवारीत माघार सुरू झाली. तीन वेळा हेच घडलं. आता तुम्ही विचारताय, टँक कमी पडतात का?

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून टँक पुरेसे आहेत. मला अडचण दुसरीकडे दिसते. तुमच्या आखणीत सीमा आहे आणि मॉस्को आहे, मधल्या हजार किलोमीटरमध्ये काय करायचं ते कुठेच ठरलेलं नाही. सैन्य कुठे थांबेल, तिथे त्याला रसद कुठून मिळेल आणि शत्रूच्या डिव्हिजन नेमक्या कुठे संपवायच्या, या तीन प्रश्नांची उत्तरं बाण ओढण्याआधी लागतात. ती नसली की खेळातला आपोआप चालणारा प्लॅनर सगळ्या आघाडीला सारखंच पुढे ढकलत राहतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. इंग्लंड अजून लढतंय का, फ्रान्स आणि नॉर्वेचा किनारा राखायला तुमच्या किती डिव्हिजन अडकल्यात, तेल किती साठवलंय, कुठली डॉक्ट्रीन (सैन्याची लढण्याची पद्धत) घेतली आहे, समोर संगणक आहे की माणूस, यावर बरंच ठरतं. मी पुढे सांगतो ते संगणकाविरुद्धच्या खेळाला धरून आहे. माणसाविरुद्ध हेच तत्त्व लागू पडतं, पण तो तुमच्यासाठी थांबत नाही. आणखी एक. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'नो स्टेप बॅक' हा खेळाचा विस्तार आला, त्यासोबतच्या मोफत अपडेटने रसदीची पद्धत मुळापासून बदलली. त्याआधीचे सल्ले आणि व्हिडिओ अजून फिरत असतात. रसदीबाबत त्यातलं काही वापरू नका.

आता मूळ मुद्दा. मी २०१६ पासून हा खेळ खेळतोय, आणि मोठ्या चढाईआधी माझी पहिली पंधरा-वीस मिनिटं एकही बाण न ओढता जातात. खेळ थांबवतो, रसदीचा नकाशा उघडतो आणि शत्रूच्या मुलखातले सप्लाय हब, म्हणजे रसद वाटणारी केंद्रं, शोधतो. तुमच्या राजधानीतून माल रेल्वेने हबपर्यंत येतो आणि हबपासून पुढे घोड्यांवर किंवा ट्रकवर. हबपासून जितकं लांब जाल तितका पुरवठा आटत जातो. सुपीक शेत असो की मोठं शहर, हबच्या आवाक्याबाहेर गेलेली डिव्हिजन हळूहळू निकामी होते: तिची ऑर्गनायझेशन (लढत राहण्याची ताकद) भरून येत नाही, हल्ल्याचं बळ घटतं, वेग कमी होतो आणि बंदुका, टँक लढाईविनाच झिजतात. तुमच्या डिव्हिजनवर जी लाल चिन्हं दिसत होती, ती हीच.

म्हणून मी वहीत हबची साखळी लिहून काढतो. सीमेवरचा हब, त्यापुढचा, त्याच्याही पुढचा. एका हबपासून पुढच्या हबपर्यंतचं अंतर म्हणजे चढाईचा एक टप्पा. टप्पा पूर्ण झाला की मी थांबतो, सगळी आघाडी जिंकत असली तरी. जिंकलेला हब आणि त्याच्याकडे येणारी रेल्वे पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने चालत नाही. खऱ्या युद्धातही तसंच होतं: सोव्हिएत रुळांमधली रुंदी १५२४ मिलिमीटर होती आणि जर्मन रुळांमधली १४३५, त्यामुळे पुढे सरकलेल्या सैन्यामागे रूळ बदलत जावं लागलं आणि तोवर ट्रक व घोड्यांवर भिस्त राहिली.

रेल्वेची पातळी एक ते पाच असते, आणि इथे बरेच जण फसतात. हबपर्यंत किती माल पोचेल हे त्या मार्गावरचा सगळ्यात कमजोर तुकडा ठरवतो. फोंडा-मडगाव रस्ता दोन्ही बाजूंनी हवा तेवढा रुंद करा, बोरीच्या पुलावरून जाईल तेवढीच वाहतूक पलीकडे जाणार. तुम्ही वॉर्सापर्यंत पाच पातळीची लाइन बांधली आणि पुढच्या एकाच प्रांतात (खेळाच्या नकाशावरच्या छोट्या तुकड्यात) ती दोनवर राहिली, तर सगळ्या मार्गाला दोनचाच भाव. त्यामुळे १९४० च्या हिवाळ्यापासूनच काही सिव्हिलियन कारखाने पोलंडमधल्या आणि पूर्व प्रशियातल्या रेल्वेवर लावा. आगगाड्यांचं उत्पादन आधीच सुरू करा. ट्रक साठवा आणि ज्या हबमागून मुख्य हल्ला निघणार, त्याच हबला ट्रक द्या. सगळ्यांना थोडेथोडे वाटले तर कुणालाच पुरत नाहीत.

आणि सैन्य कमी करा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण १६८ डिव्हिजन एकाच वेळी पुढे ढकलून तुम्ही स्वतःचीच रसद संपवत आहात. एका हबवर पन्नास डिव्हिजन उपाशी ठेवण्यापेक्षा तीस पोटभर ठेवणं कधीही बरं. मी साधारण एक तृतीयांश पायदळ आघाडीच्या मागे, चांगल्या हबजवळ राखीव ठेवतो. पुढच्या डिव्हिजन थकल्या की त्यांना मागे घेतो आणि ताज्या पुढे पाठवतो. टँक डिव्हिजनमध्ये लॉजिस्टिक्स कंपनी, म्हणजे रसद सांभाळणारी जोड तुकडी, न विसरता घाला. रसद आणि इंधन, दोन्हींची भूक तिने कमी होते.

आपल्या भागातलं याचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. १६८३ च्या शेवटी संभाजी महाराजांनी गोव्यावर जोर लावला होता. औरंगजेबाचा मुलगा शहाआलम मोठी फौज घेऊन रामघाटातून खाली कोकणात उतरला. संभाजी महाराजांना माघार घ्यावी लागली, म्हणजे चढाईचा पहिला हेतू सफल झाला. पण घाटाखाली एवढ्या फौजेला आणि जनावरांना पुरेल इतकं धान्य नव्हतं, भोवतालचा मुलूख तिने स्वतःच जाळून ओस पाडला होता आणि समुद्रमार्गे येणारी रसद मराठे अडवत होते. १६८४ च्या सुरुवातीला उपासमार आणि रोगराईने त्या फौजेची दैना केली, आणि ती पुन्हा घाट चढून परत गेली. डिचोली-सत्तरीकडून सह्याद्रीची ती भिंत पाहिली की मला तुमचा मॉस्कोचा बाण आठवतो. उतरताना कुणी मोठं अडवलं नाही. परतायला लावलं ते पोटाने.

मीही हे महागात शिकलो आहे. आम्ही चार मित्र फोंड्यात रविवारी एकत्र बसून एक मोहीम खेळत होतो. दक्षिण आघाडी माझ्याकडे होती आणि रोस्तोव्हला थांबायचं असं आमचं ठरलं होतं. समोर मोकळा मुलूख दिसला आणि मी कॉकेशसच्या तेलाकडे टँक सोडले. तीन आठवडे नकाशा सुंदर दिसला. मग शत्रूने माझ्या पातळ झालेल्या बगलेवर घाव घातला, रोस्तोव्हचा हब गेला आणि पुढे गेलेल्या अकरा टँक डिव्हिजन इंधनाविना जागच्या जागी संपल्या. दीड महिन्याचा सगळ्यांचा खेळ माझ्या एका निर्णयाने बुडाला. तेव्हापासून थांबण्याची रेषा मी चढाईआधी वहीत लिहितो आणि ती ओलांडायची असेल तर खेळ थांबवून रसदीचा नकाशा पुन्हा उघडतो.

दुसरा प्रश्न: शत्रूला संपवायचं कुठे. यासाठी खेळातली लढाई कशी चालते ते नीट समजून घ्या. डिव्हिजनची ऑर्गनायझेशन शून्यावर आली की ती लढाई हरते आणि मागच्या प्रांतात जाते. ती मेलेली नसते. थोड्या दिवसांत ती सावरून पुन्हा तुमच्यासमोर उभी राहते, आणि प्रत्येक माघारीबरोबर ती तिच्या हबच्या जवळ जाते तर तुम्ही तुमच्या हबपासून लांब. संपूर्ण आघाडी सारखी पुढे ढकलण्याचा हा खरा तोटा. दोन महिने तुम्ही लढाया जिंकत होता आणि तरीही समोरच्या डिव्हिजन जवळपास तेवढ्याच राहिल्या, याचं कारण हेच. मात्र मागे हटायला प्रांतच उरला नसेल, तर हरलेली डिव्हिजन कायमची नष्ट होते. म्हणून चढाईचं माप प्रांतांत मोजू नका, वेढ्यात सापडलेल्या डिव्हिजनमध्ये मोजा.

तुमच्यासाठी पहिली जागा नकाशावर तयारच आहे. पोलंडची वाटणी इतिहासाप्रमाणे झाली असेल, तर बियालिस्तोकजवळ सोव्हिएत सीमा तुमच्याकडे पोटासारखी पुढे आलेली दिसेल. १९४१ मध्ये जर्मनांनी इथेच केलं: उत्तरेकडून होथचा टँक गट, दक्षिणेकडून ब्रेस्टजवळून गुडेरियनचा, आणि दोघांची गाठ मिन्स्कजवळ. खेळातही दोन्ही बाजूंना आठ-दहा टँक आणि मोटराइज्ड (ट्रकवरून जाणाऱ्या पायदळाच्या) डिव्हिजन जमवा. त्यांचा रोख एक-दोन प्रांतांइतकाच अरुंद ठेवा. पोटाच्या टोकासमोर फक्त पायदळ ठेवा. त्याने हल्ला करायचा तो जिंकण्यासाठी नाही, समोरच्यांना जागेवर अडकवून ठेवण्यासाठी. लढाईत गुंतलेली डिव्हिजन मदतीला निघू शकत नाही.

हा अडकवून ठेवण्याचा भाग लोक कमी लेखतात, म्हणून त्यावर थोडं बोलतो. चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला तेव्हा पोर्तुगिजांची मदत गोव्यातूनच जाणार होती. १७३९ च्या सुरुवातीला मराठ्यांचे सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्यातल्या सासष्टीत घुसले, मडगाव घेतलं, राचोलच्या किल्ल्याला वेढा दिला. गोवा कायमचा घेता आला असता की नाही, हा वेगळा वाद. पण स्वतःच्या दारात मराठे उभे असताना गोव्याला वसईकडे पुरेशी कुमक पाठवता आली नाही, आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. तुमच्या योजनेत राचोलचं काम करणाऱ्या सेना हव्यात. त्यांनी किती प्रांत जिंकले यावरून त्यांना जोखू नका. उत्तरेची सेना बाल्टिकमध्ये फार पुढे गेली नाही, पण तिच्यासमोरच्या तीस सोव्हिएत डिव्हिजन मिन्स्कला पोचल्या नाहीत, तर तिने आपलं काम चोख केलं.

वेढ्याच्या दोन भुजा पुढे सरकतील तशा त्यांच्या बाजू उघड्या पडतात. तिथे मागोमाग मोटराइज्ड पायदळ बसवत जा. घाई करून टँकनाच बाजू राखायला लावलं तर टोकाला धार राहत नाही. आणि टँक प्लॅनरच्या हाती देऊ नका. पायदळाच्या आघाडीला प्लॅनर ठीक आहे, त्याची वृत्ती सावध किंवा संतुलित ठेवा. टँक मात्र स्वतःच्या हाताने हलवा. आधी त्यांनाही योजनेत ठेवून बोनस भरू द्या, मग हाताने हुकूम द्या. जमलेला बोनस हुकूम दिल्याक्षणी नाहीसा होत नाही, लढाईत हळूहळू उतरतो. त्यामुळे पहिल्या आठवड्याचा जोर अरुंद जागी वापरला गेला पाहिजे. तुम्ही तो दोन हजार किलोमीटरवर पसरून टाकत होता. वेढा बंद झाल्यावर आधी आतल्यांचा निकाल लावा. पुढचा टप्पा त्यानंतर.

भूभागाचं थोडक्यात: नदी ओलांडून केलेल्या हल्ल्याला दंड बसतो, दलदलीत आणि डोंगरात टँकचं बळ उतरतं. मध्य आणि दक्षिण आघाडीच्या मधली प्रिपेतची दलदल टँकसाठी निषिद्ध समजा. तिथे थोडं पायदळ ठेवलं की पुरतं. एकाच प्रांतावर दोन-तीन दिशांनी हल्ला केला तर लढाईची रुंदी वाढते आणि तुमच्या जास्त डिव्हिजन एकाच वेळी लढू शकतात. म्हणून कोपऱ्यावरचे, पुढे आलेले प्रांत आधी निवडा.

हवाई दलावर फार लिहीत नाही, कारण तुमच्या वर्णनात तिथे मोठी चूक दिसत नाही. एवढंच बघा की विमानं सगळ्या हवाई क्षेत्रांत समान वाटू नका. मुख्य हल्ल्याच्या क्षेत्रात लढाऊ विमानांचं वर्चस्व आणि जमिनीवरच्या सैन्याला मदत करणारी बॉम्बर तिथेच. पुढे सरकलात की विमानतळही पुढे न्या, नाहीतर पल्ला अपुरा पडून आकाश रिकामं राहतं.

इथवर आलेलं एकत्र करतो. हबची साखळी लिहा, एक टप्पा निवडा, त्या टप्प्यात कुठल्या डिव्हिजन वेढायच्या ते ठरवा, बाकीच्या आघाडीला फक्त अडकवून ठेवण्याचं काम द्या, आणि एक तृतीयांश पायदळ राखीव ठेवा.

आता योजना बदलण्याबद्दल, कारण तीनही वेळा तुम्ही दोन महिने तोच बाण रेटत राहिलात. आपल्याकडे डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीची गोष्ट मोठ्यांच्या तोंडून ऐकतच आपण वाढलो. त्या कारवाईत पूर्वेकडून येणारी १७ वी इन्फंट्री डिव्हिजन हा मुख्य जोर होता. उत्तरेकडून दोडामार्गाच्या बाजूने निघालेल्या ५० व्या पॅरा ब्रिगेडकडे साहाय्याचं काम होतं. पोर्तुगिजांनी पूल उडवले होते, रस्त्यांवर सुरुंग आणि अडथळे होते. पॅरा ब्रिगेडने सुरुंग, अडथळे आणि चार नद्या पार केल्या, तिची एक तुकडी १८ च्या संध्याकाळी मांडवीच्या पलीकडे बेतीला पोचली आणि १९ डिसेंबरच्या सकाळी पणजीत पहिलं पाऊल याच ब्रिगेडचं पडलं. त्या ब्रिगेडचे प्रमुख सगत सिंग होते. कागदावर दुय्यम असलेली वाट मोकळी झाली तेव्हा ती वाट कुणी अडवून धरली नाही, हे मला त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. खरं युद्ध आणि खेळ यांची बरोबरी मी करत नाही. तिथे माणसं गेली. पण आखणीचा विचार तोच आहे.

खेळात हे असं करा. दर दोन आठवड्यांनी खेळ थांबवा आणि पाहा की शत्रूची फळी सगळ्यात पातळ कुठे झाली आहे आणि तिथे माझी रसद कशी आहे. दोन्ही उत्तरं एकाच जागी जुळली तर राखीव सैन्य तिकडे वळवा, जरी मुख्य बाण दुसरीकडे असला तरी. फळी पातळ आहे पण रसद नाही, तर वळू नका. माझी रोस्तोव्हची चूक नेमकी तीच होती. १९४१ मध्येही मध्य आघाडीचे टँक दक्षिणेला वळले आणि सप्टेंबरमध्ये कीव्हजवळ फार मोठा वेढा पडला. त्याने मॉस्कोला उशीर झाला की नाही यावर इतिहासकार अजून भांडतात. खेळात मात्र मी निःसंकोच कीव्हकडे वळतो, कारण तिथे डिव्हिजन संपतात. आणि सोव्हिएत देश शेवटी शरण येतो तो पुरेशी महत्त्वाची शहरं गेल्यावर, एकट्या मॉस्कोमुळे नाही.

हवामानामुळे एक तारीख पक्की करून टाका. ऑक्टोबरचा चिखल सुरू होण्याआधी तुम्ही एखाद्या चांगल्या हबवर थांबलेले असायला हवेत, खंदक खोदून. एका जागी स्थिर राहिलेल्या डिव्हिजन दिवसागणिक जास्त घट्ट बसतात, आणि सोव्हिएत हिवाळी हल्ला तुमच्या तयार फळीवर येऊन आदळतो. पहिल्या वर्षी स्मोलेन्स्क आणि कीव्ह हाती आणि शंभर-सव्वाशे शत्रू डिव्हिजन वेढ्यात संपलेल्या, इतकं झालं तर मॉस्को १९४२ मध्ये घ्या. एका वर्षात संपवण्याचा हट्ट धरू नका.

तुमच्याकडे मे १९४१ चा जतन केलेला खेळ असेल तर तो उघडा. सीमेवरच्या दोन सेना आघाडीवरून काढून वॉर्साजवळ राखीव ठेवा. मॉस्कोचा बाण पुसा. ब्रेस्ट आणि पूर्व प्रशियाकडे जाणाऱ्या रेल्वेची प्रत्येक प्रांतातली पातळी तपासा आणि कमजोर तुकडे बांधायला घ्या, मग त्यासाठी चढाई जुलैपर्यंत लांबली तरी चालेल. मग दोन छोटे बाण ओढा, दोन्ही मिन्स्कपर्यंत. मिन्स्कला गाठ पडली की खेळ थांबवून रसदीच्या नकाशाचं चित्र इथे टाका, आणि वेढ्यात किती डिव्हिजन सापडल्या तो आकडाही लिहा. पुढचा हब कोणता धरायचा ते त्यावरून सांगतो.